अकरा फळ्यांचं दुकान

गोव्याची बस खानापूर स्टँडवर बंद पडली.
ड्रायव्हर म्हणाला दोन तास. कंडक्टर कानडीत बोलला,
त्यातलं 'मूरु' तेवढं कळलं मला, म्हणजे तीन.
तिनावर विश्वास ठेवून
मी टेंपोत बसलो आणि नंदगडला उतरलो.

पेठ बघायची होती.
खरं सांगायचं तर मोजायची होती.
मी जुनी दारं विकत घेतो,
खांब, तुळया, कडीपाट, पितळी कोयंडे.
तिकडच्या हॉटेलांना लागतात.
खिशात टेप असतो, घरं मला फुटांत दिसतात.

दुपारची पेठ झापड आल्यासारखी.
बुटक्या कौलांखाली लांबच लांब ओटे,
ओट्यांवर मिरच्या, एक सायकल, झोपलेलं कुत्रं,
एका माडीच्या कठड्यावर कोरलेले पोपट,
त्यातल्या दोघांना चोच नाही.
पाट्यांवर वर मोठी कानडी, खाली बारीक मराठी,
एका पाटीवर खालच्या ओळीला डांबर,
आणि डांबरावर खडूनं कुणीतरी पुन्हा लिहिलेलं :
येथे पिको फॉल करून मिळेल.

तिथंच मी गटार ओलांडून चढलो.

दुकानाला शटर नव्हतं, फळ्या होत्या.
सागवानी, उभ्या, खाचेत सरकणाऱ्या,
दिवसा भिंतीला टेकून ठेवलेल्या.
प्रत्येकीच्या कपाळावर तांबडा आकडा.
पहिलीवर होतं शून्य.

"काय बघूलालासा ओ?"
मशीनवरून मान वर न करता शिंपी.
भरमाण्णा गुरव, वय सत्तर असेल,
गळ्यात माझ्यासारखाच टेप, पण कापडी.

शून्य नंबरची फळी कशी काय, मी विचारलं.
"शून्य न्हवं ते. एक हाय. कानडी एक."
जवळ जाऊन पाहिलं. गोल पुरा झाला नव्हता.
खाली थोडी वाट ठेवली होती.

मग त्यानं दोरा तोडला आणि सांगितलं :
बापाचं किराणा होतं. दोन गडी कामाला.
डावीकडनं फळ्या लावायचा बसवाणी, तो कानडी शिकलेला,
उजवीकडनं लावायचा रवळू, तो मराठी.
ज्यानं लावायची त्याला वाचता आलं पायजे, बाप म्हणायचा.
म्हणून पाच अशा, पाच तशा.
दोघं दोन टोकांनी यायचे, शिव्या देत,
मधल्या फळीपाशी भेटायचे, कुलूप घालायचे,
आणि एकाच बिडीवर घरी जायचे.

मी मोजल्या. दहा.
मधली कुठाय? तिचा आकडा काय होता?

"तिला कशाला आकडा?
उरंल ती तीच की."

त्यानं बोट दाखवलं माझ्या मागं, रस्त्याकडं.
गटारावर आडवी पडली होती,
कडा झिजलेल्या, मधोमध कोयंड्याचं भोक,
त्यावर माझ्याच चपलेचा ओला ठसा.

भाव मी चांगला सांगितला. खोटं बोलत नाही,
त्या दिवशी खरंच चांगला सांगितला.
तो म्हणाला, ह्या दहा न्या, पोरानं शटर घ्यायचं म्हणलंय कधीचं.
ती राहू दे.
पावसात गटार फुगलं की
समोरची पोरं शाळेला कशावरनं जातील?

अकराचा सेट मागतात, दहाचा कोण घेणार,
असं मी म्हणणार होतो.
त्याआधी त्यानं आपला टेप माझ्या खांद्याला लावला,
सवयीनं, काही कारण नसताना,
म्हणाला, सोळा. डावा जरा पडलाय तुमचा.

उतरताना पाय फळीवर जपून ठेवला.
पोकळ वाजली. दार वाजवल्यासारखी.

बस तीन तासांनी सुटली.
लोंढ्याच्या वळणांवर वहीत नोंद केली :
नंदगड, साग, नग दहा.
गाडी हलत होती, दहातल्या एकाची दांडी
वळून वर गेली, गोल होऊ लागली, पुरी झाली नाही.
आता कोणी बघेल तर म्हणेल
दोन शून्यं आहेत.

नीट बघा, मी म्हणेन.
एक उघडं आहे.